पाऊण मापाचं व्हायोलिन

३ जून

ठमे,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. पण सहा वर्षांनी तुझं कार्ड आलं आणि त्यात ना खुशाली ना नमस्कार, मग मीच कशाला आधी वाकू? तुझी आई म्हणते, बाप आहात, जरा वाकलात तर मोडणार नाही. तेव्हा आशीर्वाद दिलाच आहे असं धर.

दोन ओळींचं कार्ड. ‘माझं व्हायोलिन पाठवा. दोन जुलैला वाद्यवृंदाची निवड आहे आणि आजवर ज्यांचं वाजवत होते त्यांनी त्यांचं परत मागितलंय.’ पोस्टमनने ते आधी वाचलं, मग खालच्या लाँड्रीवालीने, मग मला मिळालं. मिस्त्रीची पोरगी व्हायोलिन मागतेय हे आता गल्लीच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

व्हायोलिन आहे. काळजी करू नकोस. पण सहा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. लाँड्रीची वाफ वर येते, सरस धरत नाही, सांधे सुटतात. नीट बघून, काय लागेल ते करून पाठवीन.

वाद्यघर चालू आहे. तुझ्यावाचून अडेल असं तुला वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. लाँड्रीच्या वरची तीच खोली, तीच वेळ, चार ते सहा. आपण दोघांनी दोन व्हायोलिनं आणि एका तिपाई खुर्चीवर सुरू केलं होतं, आता सव्वीस मुलं आहेत. लोक अजूनही माळ्यावरचं आणून देतात, मी नीट करतो, मूल घरी घेऊन जातं, कुणाकडून काही घ्यायचं नाही. शिकवायला बँडमधून निवृत्त झालेले एक काका येतात. त्यांना ऐकू जरा कमी येतं, पण आमच्या मुलांना शिकवायचं तर ते एका परीने बरंच आहे.

तुझ्या अक्षरातली पाटीही अजून भिंतीवर आहे. ‘जे वाद्य वर्षभर कुणी वाजवलं नाही, ते ज्याला हवं त्याचं.’ नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवतात.

निवडीला काय वाजवणार ते कळव. नसेल कळवायचं तर नको कळवूस.

— बाबा


१२ जून

ठमे,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. त्यात एकच शब्द, ‘कधी?’ बोलण्यात काटकसर तू माझ्याकडून उचललीस असं आई म्हणते. मी म्हटलं, तुझ्याकडून काही उचललं असतं तर कार्ड पुरलं नसतं. ती हसली नाही.

मान सुटली आहे. नवी बसवावी लागेल. हे एका दिवसाचं काम नव्हे, तुला सांगायला नको, तू याच खोलीत वाढलीस.

खरं तर ते कसं झालं होतं ते काल आठवत बसलो. तू बारा वर्षांची. सुतारदादांनी त्यांच्या वडिलांच्या कपाटाचं दार काढून दिलं, म्हणाले, चाळीस वर्षं सुकलंय, आता याच्यात पाणी नाही की पाप नाही. शिंप्याने पेटीच्या आत लावायला मखमल दिली. बाजूच्या पट्ट्या मी खाली लाँड्रीत बसून इस्त्रीवर वाकवल्या आणि लाँड्रीवाली एकीकडे गिऱ्हाइकाचे शर्ट जळतील म्हणून माझ्या नावाने शंख करत होती. तू वाजवायला लागलीस तेव्हा तीच जिन्यात येऊन बसली होती. सगळ्या गल्लीने मिळून केलेलं व्हायोलिन होतं ते. हे मी तुला, तू ते घेऊन घर सोडायला निघालीस त्या दिवशीही सांगितलं होतं, पण तेव्हा जरा ओरडून सांगितलं आणि चारचौघांत सांगितलं.

लाँड्रीवालीच्या मुलीला तू पाहिलं नाहीस. म्हणजे पाहिलंस तेव्हा चारेक वर्षांची असेल, आता दहाची आहे. तिला सगळे टिटवी म्हणतात, कारण तोंडाला टाळा नाही. व्हायोलिन मात्र अशी वाजवते की बँडवाले काकासुद्धा कानामागे हात धरून पुढे सरकतात. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही. वाजवताना तेवढी गप्प असते. तिची आई म्हणते, मिस्त्री, दिवसभर वाजवू दे तिला, माझे कान सुटतील.

आईने आत्ता विचारलं, “तिला कळवलंत का?”

“हे काय, पत्रच लिहितोय.”

“पत्र लिहिणं वेगळं आणि कळवणं वेगळं,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

वेळेत पाठवतो. शब्द आहे माझा.

— बाबा


२२ जून

ठमे,

घे बाई, आज पार्सल गाडीवर चढवलं. परवापर्यंत तुझ्या हातात असेल. लाकडी खोक्यात भुसा भरलाय, हळू उघड, नाहीतर घरभर होईल आणि बापाला बोल लावशील.

नवी मान, नव्या तारा, तारांखालची घोडीही नवी कोरली. वरून हलका रंगाचा हात दिला, त्यामुळे जरा वेगळं दिसेल. सूरही सुरुवातीला परका वाटेल. लाकूड सहा वर्षं गप्प होतं, ते लगेच बोलेल असं नाही. माणसंही बोलत नाहीत. डोक्याकडे बघ म्हणजे पटेल. त्याच्या टोकाच्या गुंडाळीच्या डाव्या बाजूला तो टवका आहे, तेराव्या वर्षी जिन्यात पाडलं होतंस तो. तेव्हा मी बुजवतो म्हटलं तर तू म्हणालीस, राहू दे, गर्दीत ओळखू येईल.

उरलेत दहा दिवस. सकाळी हात गरम करून मग वाजव. निवड करणारे तिघे असोत की तीस, शेवटी कानच असतात ते. तू कुणाची मुलगी आहेस हे त्यांना ठाऊक नसलं तरी तुला आहे.

मला बरं वाटतंय आज. आईने फोनवर विचारलं तर सांग की बाबांचं पत्र चांगलं होतं.

— बाबा


२७ जून

ठमे,

हातात व्हायोलिनचा गज असेल तर तो खाली ठेव आणि हे आधी वाच.

तुला पाठवलेलं तुझं व्हायोलिन नाही. डोकं तुझं आहे. खालचं सगळं दुसरं आहे, शिंप्याच्या मेव्हण्याने माळ्यावरून काढून दिलेलं. मी तुझं डोकं त्याला नवीन मान जोडून चढवलं आणि रंग असा दिला की चटकन कळू नये.

तुझं मी कापलं. पाच वर्षं झाली त्याला.

आपल्याकडे लोक देतात ती वाद्यं सगळी मोठ्या मापाची. माळ्यावर मोठ्या माणसांचीच हौस पडलेली असते. आणि शिकायला येतात ती एवढी एवढी पोरं, मनगटं दुखेपर्यंत ताणतात आणि महिन्याभरात सोडतात. हे तुलाही माहीत होतं, लहान मापाची वाद्यं कुठून आणायची म्हणून तूच डोकं धरून बसायचीस. तर मी तुझ्या व्हायोलिनच्या दोन्ही फळ्या उघडल्या, कडेने कापल्या, पट्ट्या पुन्हा लाँड्रीच्या इस्त्रीवर वाकवल्या आणि पाऊण मापाचं केलं. डोकं तेवढं मूळचं ठेवलं, त्याला पटाशी लावायला हात उचलला नाही. त्यामुळे ते बापाची टोपी घातलेल्या पोरासारखं दिसायचं. मुलं हसायची. दोघं त्याच्यावर शिकून मोठी झाली. तिसरी टिटवी.

सगळ्यांना मी सांगितलं, नियम म्हणजे नियम, तो माझ्या मुलीनेच केलाय, तेव्हा तिच्या वाद्याला तरी सूट कशी? वर्षभर कुणी वाजवलं नाही, आता ज्याला हवं त्याचं. लोकांनी मान डोलावली. सुतारदादांनी माझा हात धरला, म्हणाले, मिस्त्री, काळीज पाहिजे याला. मी तो हात धरू दिला.

ठमे, त्या दिवशी कपाटात मोठ्या मापाची आणखी पाच व्हायोलिनं पडून होती.

कुणी विचारलं नाही, त्यातलं एखादं का नाही? तू विचारलं असतंस. त्यातलं कुठलंही कापता आलं असतं. मी तू गेलीस तो दिवस लक्षात ठेवला होता, एकेक महिना मोजत होतो, आणि बरोबर ज्या दिवशी वर्ष भरलं त्या दिवशी सकाळी करवत लावली. वर्षभरात तू एकदा जरी आली असतीस, नुसती तार छेडून गेली असतीस, तरी नियम लागला नसता. तू आली नाहीस. मी तुला शिक्षा केली आणि वर गल्लीकडून शाबासकी घेतली.

आता जे केलं ते त्याहून वाईट. ते दुसरं व्हायोलिन मी सरळ पाठवू शकलो असतो. बरं वाद्य आहे. तुला वाजवायला मिळालं असतं, टिटवीचं टिटवीकडे राहिलं असतं. पण मग कापल्याचं लिहावं लागलं असतं. म्हणून टिटवीला म्हटलं, खुंटी सैल झालीय, ठेवून जा दोन दिवस. ती ठेवून गेली. जाताना मला म्हणाली, “काका, तिला थंडी लागते, फडक्यात ठेवा.”

सांधा कच्चा आहे. आठ-दहा दिवस शिकंज्यात राहायला हवा होता, मी तिसऱ्या दिवशी तारा चढवल्या. वर ही दमट हवा. पूर्ण सुरात ताणू नकोस. त्या दिवसापुरतं कुणाचंही मागून घे, पाया पड, पण हे घेऊन जाऊ नकोस.

कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आहे. तुझ्या शेजाऱ्यांचा नंबर आईकडे आहे. आज दोनदा दुकानापर्यंत गेलो. पहिल्यांदा काड्यापेटी घेतली आणि दुसऱ्यांदाही काड्यापेटीच घेतली.

— बाबा


१६ जुलै

ठमे,

लिहू नका असं तू लिहिलंस. तरी लिहितोय, सवय जात नाही.

काल खोकं आलं. मी पाठवलेलंच, माझाच भुसा. आत फक्त डोकं होतं आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठी मला पाठ झाली आहे, तरी इथे उतरून काढतो, म्हणजे मला ती बदलून सांगता येणार नाही.

‘हात लावताच कळलं, हे माझं नाही. तरी नेलं. डोकं माझं होतं, आणि वाटलं, बाबांनी एवढं लपवलंय तर त्यांना काही सांगता येत नसेल, नंतर विचारू. तिघांसमोर दुसऱ्या ओळीला मान सुटली. त्यांनी दुसरं वाद्य देऊ केलं. त्यावर मला एक ओळही सरळ वाजवता आली नाही. मी घरी परत आले तेव्हा तुमचं पत्र दाराखाली होतं. डोकं टिटवीला लावा. मला लिहू नका.’

तू मला संशयाचा फायदा दिलास. मी तुला कधी दिला नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगून टाकतो. सत्तावीसचं पत्र मी संध्याकाळची डाक निघून गेल्यावर पेटीत टाकलं. पेटीवर वेळ लिहिलेली असते. मी वाचली आणि मग टाकलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. वेळेत पोचणार नाही हे मला कळत होतं. पत्र तर लिहिलं, आता पुढे जे होईल ते होईल, अशी मनाची समजूत घातली.

आईला सगळं कळलंय. ती रडली नाही, भांडली नाही. कोपऱ्यावर जाऊन तुला फोन करून आली. काय बोलणं झालं ते सांगत नाही. जेवायला वाढते. मीठ कमी आहे म्हटलं तर बरणी समोर आणून ठेवते.

गल्लीलाही कळलंय. मी पार्सल पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी टिटवी धीर न धरवून वर आली होती. मी राळ आणायला गेलो होतो, दार नुसतं लोटलेलं. टेबलावर तिचं व्हायोलिन, डोक्याविना. ती ओरडत जिना उतरली, तो आवाज मी कोपऱ्यावरून ऐकला. तिच्या आईने मला विचारलं तेव्हा मी आधी म्हटलं, दुरुस्ती चाललीय. ती म्हणाली, “मिस्त्री, मी तीनदा माझी इस्त्री दिली तुला. एकदा करायला, एकदा कापायला, आणि आत्ता परवा तू मान वाकडी बसतेय म्हणून आलास तेव्हा. कशाला हवी ते एकदा तरी खरं सांगायचंस.”

त्यानंतर लोक यायला लागले. कुणी वाईट बोललं नाही. शिंपी आला, म्हणाला, भाची शिकायचं म्हणतेय, आमच्याकडचं दुसरं व्हायोलिन तरी घरीच राहू दे. मग नर्सबाई आल्या, त्यांच्या भावाची बासरी घेऊन गेल्या. मग कुणी गिटार, कुणी क्लॅरिनेट. प्रत्येकाच्या घरी एकाएकी एक भाची उगवली. सुतारदादा सगळ्यात शेवटी आले. त्यांच्याकडे न्यायला काही नव्हतं, त्यांचं तर आधीच कापलं गेलं होतं. ते पाटीखाली उभे राहिले, ती वाचली आणि म्हणाले, “पोरीने किती सरळ लिहिलं होतं.” एवढं म्हणून गेले.

बँडवाले काका मंगळवारी आले, रिकाम्या खोलीत तासभर बसले आणि गेले. त्यांना कुणी सांगितलं नसावं, की सांगितलेलं ऐकू गेलं नसावं.

— बाबा


१२ ऑगस्ट

ठमे,

डोकं बसवलं. या वेळी सांधा पूर्ण बारा दिवस शिकंज्यात ठेवला. घाई कुणाला होती? रोज सरसाची वाटी धुतली, रोज बघितलं. इतकं चांगलं काम मी उभ्या जन्मात केलं नसेल. सांधा कुठे आहे ते मलाही बोटाने सापडत नाही. तुझा टवका जागच्या जागी आहे.

काल चार वाजता खाली घेऊन गेलो. टिटवी हल्ली शाळेतून आली की आईबरोबर कपड्यांच्या घड्या घालते. उशांचे अभ्रे तिच्याकडे असतात. कोपऱ्याला कोपरा जुळवून, हाताने दाबून, एकावर एक. मी पेटी टेबलावर ठेवून उघडली. तिची आई इस्त्री खाली ठेवून बाजूला झाली, म्हणजे अडवलं नाही.

टिटवीने हात फ्रॉकला पुसले. डोक्यापासून खालपर्यंत बघितलं. एक तार अंगठ्याने छेडली, अगदी हळू. सुरात होती, मी सकाळीच लावली होती. मला वाटलं, झालं, आता उचलेल.

“काका,” ती म्हणाली, “ताई परत मागेल तेव्हा पुन्हा काढणार ना?”

मी म्हटलं, “नाही गं. ताईनेच पाठवलंय. तुला लावा म्हणाली.”

“मागच्या वेळीपण तुम्ही दोन दिवस म्हणाला होतात.”

तिने पेटीचं झाकण स्वतःच लावलं, दोन्ही कड्या नीट अडकवल्या, जशा मी शिकवल्या होत्या, आणि पुढचा अभ्रा घेतला. तिच्या आईने मला जिन्यापर्यंत सोडलं. म्हणाली, “रडायची तेव्हा बरं होतं मिस्त्री. आता रडतही नाही.”

कपाटात आता हे एकच आहे. तुझ्या हाताला लहान, टिटवीलाही पुढच्या वर्षी लहान होईल. गल्लीतल्या इतर पोरांच्या घरी विचारून झालं. कुणाला परीक्षा आहे, कुणाला खोकला आहे. तुझ्या आईला म्हटलं, निदान तू तरी वर येऊन बस. ती म्हणाली, “मला कुठे वाजवता येतं?” मी म्हटलं, “मलाही कुठे येतं?” खरंच आहे ते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा लावल्या, वाजवलं कधी काही नाही.

तरी चारला दार उघडतो. सहाला लावतो. मधल्या वेळात ते फडक्याने पुसतो, कारण तिला थंडी लागते.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझं तेवढं तरी ऐकतो. तू लिहिलेली सगळी कार्डं, ती चिठ्ठी आणि हे, असं एकत्र करून व्हायोलिनच्या पेटीत मखमलीखाली ठेवतोय. पाटी भिंतीवर आहेच. मागच्या वेळी मी वर्ष मोजत होतो ते तू येऊ नयेस म्हणून, हे आता लिहिताना कळलं. या वेळीही तारीख लिहून ठेवली आहे, आजची. वर्षभर कुणी उघडलं नाही, तर ज्याला हवं त्याने घ्यावं.

— बाबा